सात बापाची गाडी

माझी बायको इंदू गेली त्याला पाचवा महिना लागला. तेरवीचे पाहुणे गेले, पोरगा नागपूरला आपल्या नोकरीवर गेला, अन् घरात मी आणि पडवीत उभी असलेली ती मोटारसायकल, एवढेच उरलो. काही दिवस मी नुसता बसून होतो. मग एका सकाळी चहा स्वतःच केला, स्वतःच सांडला, पेटीतले पाने-पक्कड काढले अन् गाडी खोलायला बसलो. शेजारचा शिक्षक कुंपणावरून म्हणाला, "काका, या वयात कायले खोलून राहिले? भंगारात देऊन टाका ना." मी म्हटलं, "मंग तुमच्या घरी येऊन रडू का?" तो आत निघून गेला. मी पाचवी नापास माणूस, लिहायची सवय नाही. पण गाडी खोलताना जे आठवतं ते सांगायचं कोणाला? ज्या एका माणसाला सगळं माहीत होतं ते गेलं. म्हणून हे वहीत लिहून राहिलो.

गाडीला सगळे सात बापाची म्हणत. नाव माझ्याच बापानं ठेवलं होतं, अन् खोटं नव्हतं. तिची फ्रेम मोहगावच्या एका दूधवाल्याची. ती त्यानं म्हशीच्या गोठ्यात कुडाला टेकवून ठेवली होती, मुतानं खालची नळी खाऊन टाकली होती. इंजन सौंसरच्या भंगारातलं. ते आधी संत्र्याच्या बगीच्यात फवारणीच्या पंपावर चालायचं, पंपाच्या पट्ट्यात एका गड्याची दोन बोटं गेली, तेव्हापासून मालकाला ते डोळ्यासमोर नको झालं. टाकी एका कंपाउंडरची, तो तिगाव स्टेशनाजवळ ट्रकखाली आला. त्याच्या बायकोनं टाकी मला तशीच देऊन टाकली अन् म्हणाली, "घेऊन जा भाऊ, मले दिसली नाही पाह्यजे." मी ती रॉकेलनं तीनदा धुतली. पुढच्या चाकाचा चिमटा बुलेटचा, मागचं चाक राजदूतचं, हँडल पाण्याच्या पाइपाचं. जिथून जे आणलं तिथं आधी कोणीतरी आपटलेलं, चेंदलेलं, नाहीतर मेलेलं होतं. नवीन अशी एकच गोष्ट होती, प्लग.

माझा बाप दौलत जिनिंगमध्ये फिटर होता. घरात आम्ही तिघंच, बाबा, माय अन् मी. बाबा दारूला शिवत नव्हता हे आधी सांगून टाकतो, कारण मारणारा माणूस पिऊनच मारतो असं लोकांना वाटतं, तसं वाटलं की त्यांना बरं पडतं. बाबा पूर्ण शुद्धीत मारायचा. जिनिंगचा भोंगा वाजला की माय चुलीतली लाकडं मागं ओढायची, भाकर करपू नये म्हणून, कारण करपलेली भाकर तिच्या तोंडावर यायची. आधी ताट आपटल्याचा आवाज, मग हाताचा, मग मायचा दबलेला, "अजी, शेजारी आयकतेत." आमच्याकडे दिवस असा मावळायचा. कोणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या घरात जेवण फार चांगलं असायचं. माय अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून अशी शिजवायची, वरून लसणाच्या फोडणीचं तेल, की सुजल्या तोंडानंही मी दोन भाकरी खायचो. आजही अंबाडीचा वास आला की माझा जबडा दुखतो.

मी डावखुरा. ते बाबाला खपत नव्हतं. "डाव्या हातानं धुतेत बे, जेवत नाहीत," म्हणायचा अन् जेवताना माझा डावा हात कमरेच्या पट्ट्यानं खाटेच्या पायाला बांधून टाकायचा. एकदा विसरून मी त्याच हातानं घास घेतला, तर त्यानं तो तळहात तव्यावर टेकवला. डाग अजून आहे, इंदू कधी कधी त्यावरून बोट फिरवायची. जेवायला मी उजव्या हातानं शिकलो, लिहायलाही, जेवढं लिहिलं तेवढं. पण पाना, हातोडी अन् गोटा या वस्तू आपोआप डाव्याच हातात यायच्या. बाबा कामावर गेला की मी नाल्याकाठी चिंचा पाडायचो. आकड्याच्या वर, देठावर मारायचो, चिंचेला गोटा लागू देत नव्हतो. मला वाटायचं हे कोणी पाहिलेलं नाही.

आता गोटमार सांगावी लागते, बाहेरच्या माणसाला ती खरी वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड गाडतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर आमचं पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्हीकडून गोटे. आमच्याकडच्या माणसानं नदीत उतरून कुऱ्हाडीनं झाड तोडायचं, सावरगाववाल्यांनी त्याला झाडापर्यंत पोचू द्यायचं नाही. डोकी फुटतात, कधी माणूस जातो. म्हणतात, आमच्याकडच्या पोट्ट्यानं तिकडची पोट्टी पळवली अन् नदीतच दोघं गोट्यांनी मेले, तेव्हापासूनचं हे चालू आहे. खरं काय ते चंडीमायला माहीत. दुसऱ्या दिवशी तेच लोक एकमेकांच्या घरी जाऊन "किती टाके पडले जी?" विचारतात, कारण इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या असतात. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. त्या एका दिवशी कोणी कोणाला कशासाठी मारलं, हे कोणी विचारत नाही.

बाबानं जवानीत एकदा झाड तोडलं होतं. त्याच्या भुवईवर खूण होती, ती तो ओट्यावर बसून लोकांना बोट लावून दाखवायचा. मला मिसरूड फुटल्यापासून दरसाल ओढत नदीवर न्यायचा. मी हात बांधून उभा राहायचो. "दौलतचा पोट्टा हातात बांगड्या भरून आला काय?" लोक हसायचे. त्या दिवशी घरी आल्यावर मला नदीतल्या लोकांपेक्षा जास्त लागलेलं असायचं.

गाडी मी पळून जायला बनवत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मायला मागं बसवायचं, मोहगावला मामाच्या घरी जायचं अन् परत यायचं नाही. मायला हे सांगितलं होतं. ती म्हणाली, "आधी चालू तं होऊ दे," अन् हसली. ती हसायची तेव्हा तोंडावर हात धरायची, पुढचा एक दात नव्हता ना.

तीन वर्षं लागली. दिवसा जिनिंगमध्येच हेल्परी करायचो, सुट्टीच्या दिवशी पूल ओलांडून सावरगावला गुलाबराव मिस्त्रीकडे जायचो. गॅस वेल्डिंग त्या भागात चांगलं तोच करायचा. एका गाडीचं इंजन दुसऱ्या गाडीच्या फ्रेममध्ये बसवणं म्हणजे दुसऱ्याचा दात आपल्या तोंडात बसवणं. इंजनाच्या पाट्या आम्ही चारदा कापल्या, चारदा जोडल्या. बसलं, तर पुढची अन् मागची गरारी, चेन बसते ती दातेरी चाकं, एका रेषेत येईनात, दोन सुतांचा फरक. चेन उडायची. एकदा उडालेली चेन गुलाबरावच्या पोटरीवर बसली, मांस दिसलं. त्यानं त्यावर हळद दाबली अन् मलाच शिव्या दिल्या. मग त्याची पोरगी इंदू आतून दोरी घेऊन आली. ती दोरी दोन्ही गराऱ्यांना ताणून धरून ती म्हणाली, "बाबा, इंजन कायले सरकवता? चाकच सरकवा ना, वायसर टाकून." गुलाबराव म्हणाला, "तू भाकरी टाक." पण वायसरच टाकले, अन् चेन बसली. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडं काय पाहता, चेन पाहा." पुढं जन्मभर तिनं मला असंच सांगितलं, कुठं पाहायचं ते.

गाडी पहिल्यांदा चालू झाली ती पोळ्याच्या दिवशी. मी ती सावरगावहून पुलावरून चालवत आणली, सायलेंसर फाटका असल्यानं सगळ्या गल्लीला कळलं. आमच्याकडे बैल नव्हते, दरसाल माय मातीच्या बैलाची पूजा करायची. त्या दिवशी तिनं मातीचा बैल फळीवर ठेवून दिला अन् ताट घेऊन दारात गाडीसमोर आली. टाकीला कुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली, अन् पुरणाच्या पोळीचा तुकडा खरोखर हेडलाइटसमोर धरला. "खाय गा बाप्पा, अन् आमाले ने," असं म्हणाली. शेजारच्या बाया हसून लोळल्या. घरात वडे तळलेले, कढीला उकळी, सगळीकडे वेलदोड्याचा वास. मायला इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

बाबा त्याच वेळी आला. गर्दी पाहून थांबला. बाया पदर सावरत पांगल्या.

"सात बापाची," तो म्हणाला. "बैलाची जागा इले देली काय?" मग मला विचारलं, "उद्या नदीवर उतरतं का नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"गोटा तं हातात घेशीन?"

"नाही."

"मंग तुले दोन हात कायले देले बे देवानं?"

"गाडी बनवाले," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उलटं उत्तर दिलं अन् सगळ्या गल्लीनं ते ऐकलं.

तो आत गेला. मला वाटलं पट्टा आणतो. तो जिनिंगमधला घन घेऊन आला, लांब दांड्याचा. पहिला घाव हँडलवर, तो पाइप कान मुरगाळल्यासारखा वाकला. दुसरा टाकीवर. तिसरा इंजन थंड ठेवणाऱ्या पंख्यांवर, त्या बिस्किटासारख्या झडल्या. तो घाईत नव्हता, रागातही दिसत नव्हता. जिनिंगमध्ये पुली बसवताना जसं मारतात तसं नेम धरून, श्वास सोडत मारत होता. मी त्याच्या अंगावर गेलो, त्यानं कोपर माझ्या नाकावर हाणलं, डोळ्यांपुढं अंधार झाला. मग माय मधे आली. हातात अजून ताट होतं. "अजी, सणाचा दिवस हाये," एवढं म्हणेपर्यंत घनाचा दांडा तिच्या मनगटावर आला. ताट पडलं. वाळलेली तुराटी मोडल्यावर होतो तसा आवाज आला. घन त्यानं मुद्दाम तिच्यावर उगारला होता की ती मधे आली, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. पण त्यानं थांबून तिच्याकडं पाहिलं, अन् मग चौथा घाव चाकावर घातला.

मायला शेजारणींनी वैद्याकडं नेलं. मी गाडीचे तुकडे हातगाडीवर भरले. माळ अजून हँडलला होती, ती मी काढली नाही. पूल ओलांडताना समोरून लोक बैल घेऊन येत होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, ढोल वाजत होते. माझ्या नाकातलं रक्त पाहून एकजण म्हणाला, "काऊन बे किसन्या, गोटमार आजच सुरू केली का?"

गुलाबरावनं हातगाडी पाहिली, माझं तोंड पाहिलं अन् म्हणाला, "आज रात इथं राह्यशीन तं उद्या इथलाच धरतीन लोकं तुले. पाह्य बाप्पा."

"इथलाच धरा," मी म्हटलं.

अंगाला तेल लावलेले, डोक्याला फडकं गुंडाळलेले लोक सकाळपासून काठावर जमले. पळस गाडला, झेंडा लागला, नारळ फुटला, मग पहिला गोटा कोणी मारला ते कोणालाच दिसत नाही. आवाज ऐकला पाहिजे. गोटा हवेतून येतो तेव्हा फुरफुरतो, टिनाच्या छतावर पडला की बंदुकीसारखा वाजतो, माणसाला लागला की वाजतच नाही. फक्त माणूस खाली बसलेला दिसतो. मग चार जण त्याला उचलतात, चंडीमायची विभूती जखमेवर चोळतात, अन् तो पुन्हा उभा राहतो. बाया मागून घमेल्यात गोटे आणून ढीग लावत होत्या. इंदू त्यांच्यात होती. दुपारपर्यंत मी एकही गोटा मारला नाही. ढिगाजवळ बसून होतो. इंदू दोनदा घमेलं रिकामं करून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, "पानी पेता का?" मी मान हलवली.

दुपारनंतर तिकडून आरडाओरडा झाला. बाबा पाण्यात उतरला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, धोतराचा काचा मारलेला, कुऱ्हाड उजव्या खांद्यावर. आमच्याकडचे, म्हणजे त्या दिवशीचे माझ्याकडचे, ओरडले, "दौलत आला! दौलत!" गोट्यांचा पाऊस त्याच्यावर वळला. दोन त्याच्या पाठीवर लागले, तो वाकला पण थांबला नाही. भीती त्याला नव्हती, हे मी मान्य करतो. कमरेपर्यंतच्या पाण्यातून तो झाडाकडं आला. त्याचं टक्कल भिजून चमकत होतं. मी उभा राहिलो. त्या चमकणाऱ्या जागेवरून नजर न हलवता डावा हात मागं केला अन् म्हटलं, "दे."

मागं इंदू होती. क्षणभर काही झालं नाही. मग हातात गोटा आला, मोठा, गुळगुळीत. पाण्याचा एक ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला, थंड. मी हात मागं नेला, तो तव्याचा डाग ताणला गेल्याचं मला आठवतं, अन् मी मारला.

बाबा त्याच वेळी झाडाजवळच्या खडकावर चढत होता. गोटा गुडघ्यावर बसला. इतक्या गोंगाटातही मला वाटतं मी ते ऐकलं, पण वाजत नाही हे मीच वर लिहिलं आहे. कुऱ्हाड पाण्यात पडली. पडायच्या आधी तो वळला अन् आमच्या काठाकडं पाहिलं. शेकडो माणसं होती, शेकडो हात हवेत होते, त्यात डावा एकच वर राहिलेला होता. मग तो कोसळला अन् त्याच्या बाजूच्या पोरांनी त्याला धोतराला धरून ओढत नेलं. सावरगाववाले नाचले. कोणाचा गोटा लागला यावरून दोघांत भांडण झालं, प्रत्येकजण म्हणे माझा. मी मागं पाहिलं. इंदूचे हात ओले होते, ती ते लुगड्याला पुसत होती.

दुसऱ्या दिवशी जसे सगळे जातात तसा मीही त्या काठाला विचारपूस करायला गेलो. आपल्याच घरी, पाहुण्यासारखा. बाबा खाटेवर, पाय फळ्यांत बांधलेला. माय चुलीपाशी, मनगट फळ्यांत बांधलेलं, एका हातानं भाकर थापत होती. त्यामुळं भाकरी वेड्यावाकड्या झाल्या होत्या अन् करपल्या होत्या. बाबा त्या मुकाट खात होता. "सावरगाववाल्यायनं मारलं तुह्या बाबाले," माय म्हणाली. "हाव, त्यायनंच," बाबा म्हणाला अन् भिंतीकडं पाहू लागला. मी त्या दिवसापासून घरीच राहिलो. त्या दोघांना तसं सोडून कुठं जाणार? गुडघ्याची वाटी चुरा झाली होती, पाय पुढं कधीच वाकला नाही, जिनिंग सुटली. लोक म्हणतात बाप नंतर सुधारला. सुधारला नाही. हात थांबला नव्हता, फक्त पोचत नव्हता. लोटा फेकायचा, काठी फेकायची. माय ते उचलून पुन्हा त्याच्या हाताशी ठेवायची.

गाडी मी पुन्हा बांधली. इंजनाच्या पंख्या तुटल्या त्या तुटल्याच राहिल्या, तापायची लवकर. टाकीतला खड्डा आतून ठोकून काढला, पण पूर्ण निघाला नाही, वर पुट्टी भरून रंग मारला. परवा मी तो रंग खरवडला तेव्हा घनाचा गोल ठसा जसाच्या तसा खालून वर आला. मायनं नवस बोलला होता की धनी पायावर उभा राहिला तर त्याला जामसांवलीच्या मारुतीला पाठवीन. बसमध्ये तो ताठ पाय मावत नव्हता. म्हणून घनानं वाकलेल्या त्याच हँडलचा पाइप कापून मी गाडीला उजव्या बाजूनं एक लांब पायदान जोडलं, त्यावर पाय सरळ ठेवता यावा असं. माय कडेला उभी राहून पाहत होती. ज्या गाडीवर ती बसणार होती तिच्यावर बाप बसला. "जा, मी येतो पुढच्या खेपेले," ती म्हणाली. तिची खेप आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली.

तर नवस फेडायला निघालो त्या दिवशी सौंसरच्या पुढं इंजन तापलं अन् मी एका कडुलिंबाखाली गाडी लावली. बाबाला उतरवून दगडावर बसवलं, पाय बंदुकीसारखा समोर. मी चेन ताणायला बसलो.

"सावरगावात डावखुरा कोन हाये बे?" बाबा म्हणाला.

"असन कोनी."

"माह्याकडं पाहून बोल."

मी पाहिलं. तो शांत होता, घन मारताना होता तसाच.

"नेम कुठी होता? डोक्स्यावर का गुडघ्यावर?"

पाना माझ्या हातात होता. त्याला मारायला तो पुरेसा होता अन् तो पळू शकला नसता, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी म्हटलं, "गुडघ्यावर."

लिंबाच्या निंबोळ्या टपटप पडत होत्या. मग म्हणाला, "मंग ठीक हाये. हुकला असता तं लाज वाटली असती मले. चिंचा पाडतानी पाह्यलं हाये तुले, लपून. देठावर मारे तू. फळाले लागू नाही दे." अन् पाय सावरत, "चाल, देवाले उशीर होऊन राहिला."

मरेपर्यंत त्यानं कोणाला सांगितलं नाही. ओट्यावर बसून गुडघा दाखवायचा अन् म्हणायचा, "ज्यानं मारला त्यानं नेम धरून इथंच मारला. डोक्सं फोडू शकला असता. नाही फोडलं." भुवईच्या खुणेपेक्षा त्याला त्या गुडघ्याचा अभिमान झाला होता. अन् मी जवळ बसून ऐकायचो. खोटं पोटात घेऊन जेवत होतो. नेम डोक्याचाच होता.

हे लग्नाआधीच मी इंदूला सांगितलं. म्हटलं, करायचं तर हे माहीत असून कर. ती म्हणाली, "माहीत हाये मले. गोटा मी देल्ता. अर्धा माहा." त्यानंतर जवळपास सारा जन्म त्यावर एक शब्द नाही. संसार झाला, पोरगा झाला, भांडणं झाली, मी काही गोड माणूस नाही. पोरगा दहावीत नापास झाला त्या दिवशी माझा डावा हात वर गेला होता. वर गेला अन् मला ते पाण्यात चमकणारं टक्कल दिसलं. हात तिथंच राहिला. इंदू दारात उभी होती, तिनं मला अडवलं नाही. नुसती पाहत होती.

शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या दवाखान्यात तिनं माझा तळहात हातात घेतला, त्या डागावर बोट फिरवलं अन् म्हणाली, "अजी, तो गोटा मी ओला देल्ता."

"कोनता?"

"तोच. ढिगातले सारे सुके होते. मी नदीत बुडवून आनला. शेवाळाचा, बुळबुळीत पाहूनच घेतला."

"कायले?"

"तुमी कुठी पाहून राहिलते, ते मले दिसत होतं ना."

म्हटलं, "मंग आतापरेंत काऊन नाही सांगतलं? मी जन्मभर..."

"म्हनूनच," ती म्हणाली. "सांगतलं असतं तं तुमी मोकळे झाले असते. तुमी त्या हाताले भेत होते, ते मले पाह्यजे होतं. माह्या घरात तेवढंच पाह्यजे होतं." मग डोळे मिटून म्हणाली, "पानी द्या."

हे खरं होतं, की जाताना माझं ओझं उतरावं म्हणून ती बोलली, मला कळलेलं नाही. मुद्दाम खोटं बोलणारी ती बाई नव्हती. पण माझ्यासाठी एक गोटा ओला करणारी होती, तर एक खोटंही बोलली असेल.

काल गाडी चालू झाली. गास्केट नवीन, रिंग नवीन, खाली तेच पाइपाचं लांब पायदान. पोरगा फोनवर म्हणाला, "बाबा, ते पायदान तं काढा, विचित्र दिसते." मी म्हटलं, राहू दे. गाडी घेऊन नदीवर गेलो. त्याच काठावर, सावरगावच्या बाजूनं. पाणी कमी होतं, तो खडक उघडा होता. मी एक सुका गोटा घेतला, डाव्या हातानं मारला. मग एक पाण्यात बुडवून मारला. दोन्ही खडकाच्या पुष्कळ अलीकडं पाण्यात पडले. हात म्हातारा झाला, त्याच्यानं काही सिद्ध होत नाही. घाटावर धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "आजोबा, गोटमारले अजून लय दिवस हायेत जी!" मी म्हटलं, "हाव बाई, माहीत हाये." तोवर तिसरा गोटा मी उचलला होता, शेवाळाचा. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, तेवढंच थंड.

तो मी मारला नाही. जिथून उचलला होता तिथंच परत ठेवला.